अंगठ्याचं काम

बल्लारशा,
मार्गशीर्ष, १९५६

प्रिय सुगंधा,

मुलगी झाल्याचं कळलं. तुझा भाऊ लटारू स्वतः चामोर्शीहून सांगायला आला होता. अंगणातच उभा राहिला. खाट टाकली तर बसला नाही, पाणी दिलं तर प्यायला नाही. मुलगी रंगानं तुझ्यावर गेली आहे, फारशी रडत नाही, एवढं सांगून तो खाली बघत राहिला. वाटेतच त्याला कोणीतरी सांगितलं असावं. तुला मात्र ते माझ्याकडूनच कळलं पाहिजे.

तू बाळंतपणाला गेलीस तेव्हा आमच्या आरागिरणीत शाळांच्या बाकांचं मोठं काम आलं होतं. आडव्या लाकडाचं टोक दोन्ही बाजूंनी कापून जीभ काढायची आणि ती पायाच्या भोकात बसवायची. तिला आम्ही कूस म्हणतो. ती सैल झाली की बाक डुगडुगतं. कूस साफ उतरली की नाही, हे मी आजवर अंगठा फिरवून ओळखत आलो. पावसाळ्यात अंगठा काही सांगेनासा झाला. माझ्या बाकांचे सांधे ढिले निघू लागले. गुणवंतराव मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाले, "पत्रू, तुहा हात काऊन बिघडला? घरवाली नाई म्हणून जीव लागत नाई का?" सगळे हसले. मीही हसलो.

मग शेठनं राउटर आणला. विजेवर गरगर फिरणारं पातं, दोन मुठींनी धरून लाकडावरून सरकवायचं. बाकीचे त्याच्या आवाजालाच भ्यायले. मी पुढे झालो. रेषेवर सरळ पट्टी आवळून बांधायची, पातं एकदम खोल न घालता थोडं थोडं उतरवायचं, कडेला टाकाऊ तुकडा लावायचा, म्हणजे पातं बाहेर पडताना सागाची कड उचकटत नाही. लवकरच हात बसला. अशी कूस निघायची, की भोकात दाबली की गच्च. अंगठ्याचं काम यंत्र करू लागलं. मिस्त्रींनी पाठ थोपटली. त्याच आनंदात मी तुला कळवलं होतं, की तू परतशील तेव्हा गिरणीच्या चाळीत आपल्याला खोली मिळेल.

दिवाळीनंतर एका दुपारी भुशावर रक्त दिसलं. मशीन बंद करून मी शेजारच्या जंगूला विचारलं, "कोणाले लागलं रे?" तो माझ्या हाताकडे बघत राहिला. अंगठ्याचं पेर पातं घेऊन गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मिस्त्री धावत आले, फडकं बांधलं. मग त्यांनी माझ्या जाडावलेल्या कानांकडे, झडलेल्या भुवयांकडे पाहिलं आणि आपले हात धोतराला पुसले. रागावले नाहीत. "उद्यापासून येऊ नको, बाबू," एवढंच म्हणाले.

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणी घेतली. मी वाट बघत होतो. शेवटी म्हणालो, "टोचा ना, डॉक्टरसाहेब." ते म्हणाले, "टोचून झालं."

महारोग आहे, सुगंधा. गोळ्यांनी तो पुढं सरकायचा थांबेल, पण बोटांतून जे गेलं ते परत येणार नाही. घरमालकानं आपल्या दोघांची भांडी बाहेर काढून ठेवली आहेत. सोमवारी मी रोग्यांच्या वसाहतीत राहायला जातो आहे. तिथं दोऱ्या वळायचं काम देतात, हत्यार हातात देत नाहीत.

जाताना लटारूनं विचारलं, "भाऊजी, सुगंधाबाईले मी काय सांगू?" म्हटलं, तू काही सांगू नको, मीच लिहितो. पुनवेला मुलीला घेऊन येते, असा तुझा निरोप आहे. येऊ नकोस. तुझ्या अंगावर कुठं बधिर डाग असेल तर दवाखान्यात दाखव, पोरीलाही दाखव. नसेल, तर भाऊ म्हणेल तिथं पाट लाव, दुसरं घर कर. आपल्यात चालतं, कोणी नाव ठेवणार नाही. रागानं लिहितो आहे असं समजू नकोस. तिला एकदा मांडीवर घ्यावं असं फार वाटतं. पण तू तिला माझ्या हातांत दिलीस तरी ती हातांत आहे, हे मला डोळ्यांनी बघूनच कळेल.

तुझाच,
पत्रू