सायकलच्या दिव्याचा पॅक

४ डिसेंबर

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

काम निघालं की वहिनीला दीर आठवतो, असं तुम्ही म्हणायच्या आत सांगते, कामच आहे. मुलीला रुग्णालयात पंधरा तारखेपासून पहाटेची पाळी लागली. बाबांचीच सायकल नेणार म्हणते. दिवा शाबूत आहे, पण त्याचा बॅटरी पॅक फुगलाय. बाजारात तसाच मिळतो, व्होल्ट तेच, पिन तीच. घेऊ का? तुमच्यासारख्या बॅटऱ्यांच्या दुकानदाराला विचारलेलं बरं.

पहाटे अजून सायकलचा स्टँड काढल्याचा आवाज येतो. उठून बघते तर सायकल जागेवर. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी इस्त्रीसाठी मी चार्जरची पिन काढली आणि परत लावायची विसरले. रिकामा पॅक घरी ठेवून हे धुक्यात दिव्याशिवाय गेले, ते परत आलेच नाहीत. चार वर्षं झाली, इस्त्री हातात धरवत नाही. म्हणून या वेळी विचारून करते.

लोभ आहे, तो पत्रातूनही दिसू द्या.
वहिनी

७ डिसेंबर

ती. स्व. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पॅक घेऊ नका. पिन बसली म्हणजे जुळलं असं नसतं. मी नवा दिवाच पाठवतो. दुकानात गर्दी आहे, म्हणून इतकंच.

कृपा असू द्या.
आपला, भाऊजी

९ डिसेंबर

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

तुमचं पत्र यायच्या आधीच पोरीने पॅक आणला. नवा दिवा नको म्हणते, बाबांचाच हवा. पिन खटकन बसली. पेटवून बघ म्हटलं, तर निघताना बघेन म्हणाली. बापाचीच लेक. तुम्ही एवढं तुटक का लिहिलंत?

माया पातळ होऊ देऊ नका.
वहिनी

११ डिसेंबर

ती. स्व. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तो पॅक तिला लावू देऊ नका. दादाचा पॅक कामावर कुणीही उचलायचं, म्हणून त्याच्या हट्टापायी मीच दिव्याच्या आणि पॅकच्या वायरी उलट्या जोडून दिल्या होत्या. दुसरा पॅक त्यावर चालत नाही.

पुढे मीच त्याला नवा पॅक भेट दिला. पिन बसली, आम्ही खूश. वायरींचं मी साफ विसरलो. त्या नव्या पॅकच्या भरवशावर जुना चार्जरवर सोडून दादा निघाला आणि दिवा लागलाच नाही. तुमच्या इस्त्रीचा काही संबंध नव्हता, वहिनी. अपघातानंतर सायकल ताब्यात घ्यायला मी गेलो, तेव्हा दिव्याला लावलेला तो नवा पॅक काढून खिशात घातला. तुम्ही स्वतःला दोष देत होता आणि मी मूग गिळून बसलो. पॅक माझ्या खणात आहे. मी तो खण उघडत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही.
भाऊजी

१५ डिसेंबर

चि. भाऊजी,
अ. उ. आ.

कारागिराकडून दिव्याच्या वायरी सरळ करून घेतल्या. दिवा लागला. आज पहाटे मुलगी गेली, वळणापर्यंत उजेड दिसत होता. मग मी आत येऊन तिचे कपडे इस्त्री केले.

तुमचा राग आला आहे. चार वर्षं फार होतात. इतक्यात येऊ नका, मी बोलावेन तेव्हा या.

लोभ परत जमायला वेळ लागेल, तेवढा द्या.
वहिनी

ता. क. आज स्टँडचा आवाज आला नाही. तुमच्याकडे आला, तर घाबरू नका. दार उघडा आणि मला लिहिलंत ते त्यांना सांगा.