अकराव्या मिनिटाचा खोकला

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी इथे मजेत आहे. पोराचं ध्वनिमुद्रणाचं काम जोरात चाललंय. काल त्यानं मलाही आत बसू दिलं. चार वादक, पुढे कागद नाही. याला जॅझच म्हणतात, पण आधी काही ठरवायचं नाही, सुचेल ते वाजवायचं, तेही एकदाच. पुन्हा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम.

मी सवयीनं बोटांवर लघु-गुरू मोजत होतो. एकही वृत्त बसेना. कविता म्हणताना मी चुकलो की तू चिमटा काढायचीस. इथे तुझी बोटं दुखली असती! मग सॅक्सोफोनवाला थांबला. ती शांतता मात्र थेट आपल्या शाळेतली, कविता संपल्यावरची.

आणि तिथेच मला खोकला आला. चांगला पाच-सहा वेळा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रमवाल्यानं खोकल्यालाच साथ धरली. नंतर म्हणतो, "काका, वेळेवर आलात!"

पोरगा हसला नाही. हेडफोन कानाला लावून त्यानं तो तुकडा तीनदा ऐकला आणि गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतली. म्हणाला, "बाबा, हे काढायचं नाही. आत्याला असंच पाठवणार."

म्हणून आधी हे पत्र. खोकला गेला, असं फोनवर सांगत होतो ते खोटं. फोनआधी कोमट पाणी प्यायचो.

अकराव्या मिनिटाला ऐकशील. रागावू नकोस. आणि तुझा गुडघा खरंच बरा आहे का? आता तूही खरं सांग.

तुझा चिमटे खाल्लेला,
धाकटा