गळलेली तिथी

मी, पंचांगाचे गणित करून पोट भरलेला माणूस, हे मृत्युपत्र शुद्धीत असताना, स्वखुशीने आणि घाईने लिहीत आहे. शुद्धीचा पुरावा म्हणून लिहितो : आज वैशाख वद्य षष्ठी, श्रवण नक्षत्र. भिंतीकडे न बघता लिहिले आहे.

घाईचे कारण आधी सांगतो. रोज सूर्योदयाला मी भिंतीवरच्या पंचांगाचे कालचे पान फाडतो. गेल्या महिन्यात प्रतिपदेचे पान फाडायला गेलो, तर ते आधीच फाडलेले. घराची दुसरी किल्ली खालच्या शिंप्याकडे असते, म्हणून त्याच्यावर डाफरलो. तो म्हणाला, "भाऊ, ते तुम्ही कालच फाडलंत. आज तृतीया." मी हसलो. जी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही ती गळते, तशी द्वितीया गळली असेल, असे त्यालाच ऐकवले. पण त्या पंधरवड्याचे गणित माझेच होते आणि त्यात एकही तिथी गळलेली नव्हती. संध्याकाळी प्रतिपदेचे पान माझ्याच सदऱ्याच्या खिशात निघाले. द्वितीयेला मी काय केले, काय बोललो, मला ठाऊक नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे.

१. हे दोन खोल्यांचे घर, वरची गच्ची आणि बँकेत असेल ते माझ्या एकुलत्या मुलीला.

२. तांब्याचे घटिकापात्र शिंप्याला. तळाच्या भोकातून पाणी भरून ते बुडाले की एक घटका झाली, याची त्याला फार गंमत वाटते. त्यामुळे कपडे वेळेवर शिवून मिळतील अशी आशा नाही.

३. धाकट्या भावाला काही नाही. तिथी काय, फोनवरही कळते, असे तो मला चारचौघांत म्हणाला होता. फोन त्याच्याकडे आहेच. त्या द्वितीयेलाच तो येऊन गेला, असे शिंपी सांगतो. "दादा, इथे सही कर," म्हणून घराचे कागद पुढे केले. मी म्हणे चष्मा सापडत नाही म्हणालो. घर माझ्या शहाणपणाने वाचले की चष्म्याने, कळायला मार्ग नाही.

४. एरवी शेवटचे मृत्युपत्र खरे धरतात. कायदा मला माहीत आहे, तरी हात जोडून लिहितो : माझे हे पहिलेच खरे धरावे. पुढे माझ्या सहीचा दुसरा कागद कोणी आणला, तर सही करताना मला तिथी विचारली होती का, हे त्याला विचारावे.

५. मुलीस : रोज फोन करतेस, तेव्हा तिथी विचारत जा. चुकलो तर सांग. मी चिडेन, तरी सांग. आणि ज्या दिवशी मी तुलाच "आपण कोण?" म्हणेन, त्या दिवसाची तिथी मात्र लक्षात ठेवू नकोस. मला फार भीती वाटते, बाळ.

स्थळ : राहते घर, खिडकीजवळ.
तिथी : वर लिहिली आहे तीच.
सही

साक्षीदार पहिल्या, समोरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई : सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा, खालचा शिंपी : सही करताना भाऊ शुद्धीत होते. तिथी भिंतीवर ताडून पाहिली, बरोबर आहे. सही झाल्यावर मात्र त्यांनी मला विचारले, आज तिथी कोणती.