४१ नंबरची बाटली

४ मार्च, मंगळवार

आत्या अतिदक्षता विभागात. सेप्टिक शॉक — संध्याकाळी तिथल्या सिस्टरनी फोनवर सांगितलं, मग मी वर जाऊन पाहून आले. लघवीचा संसर्ग रक्तात गेलाय. जंतूंपेक्षा शरीराचाच भडका मोठा. रक्तदाब वर यायला तयार नाही.

दादाने आमच्या प्रयोगाच्या कागदावर सही केली आहे. अँटिबायोटिक सगळ्यांनाच, त्याशिवाय निम्म्या पेशंटना दाह शमवणारं नवं औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. फक्त बाटल्या भरणाऱ्या फार्मासिस्टला असतं. म्हणजे मला.

आत्या ४१ नंबर. ४१ची बाटली मी दुपारीच भरली होती. तेव्हा तो नुसता नंबर होता.

सलाईन.

५ मार्च

नियम असा, की पेशंट नात्यातला निघाला तर काम दुसऱ्याच्या हवाली करायचं. डॉक्टरांना सांगायला गेले. ते घाईत होते. मीही आग्रह धरला नाही!

आत्या अर्धवट शुद्धीत. बाटलीकडे बघून म्हणाली, "तू भरलीस? मग पाणीच जास्त असणार. तुझ्या चहासारखं."

"आत्या, गप पड ना गं."

दादा दारातच. "औषधच आहे ना?"

"सांगता येत नाही."

"तोंड बघू तुझं." बघितलं. "औषधच आहे," म्हणाला, आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटला.

६ मार्च

रक्तदाब आणखी खाली. लघवी जवळजवळ बंद. आत्या बोलत नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आत्यांसाठी सलाईन भरलं. जेवणही व्यवस्थित जायचं. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं — पण ते रकान्यात बसत नाही.

७ मार्च

४१च्या बाटलीत औषध भरलं. नोंद सलाईनची केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

८ मार्च

पुन्हा औषध. रक्तदाब थोडा वर! दादा म्हणाला, "बघ! म्हटलं नव्हतं?"

मी म्हटलं, "म्हटलं होतंस."

९ मार्च

औषध. रात्रीपासून नवा ताप. कशाचा, कुणालाच कळत नाही.

१० मार्च, सोमवार

देखरेख समितीने प्रयोग थांबवला. औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त. भडका विझतो, पण दुसरा संसर्ग आत शिरतो. ज्यांना ज्यांना औषध मिळालं, त्यांच्या तपासण्या तासाभरात सुरू होणार. डॉक्टर यादी न्यायला स्वतः खाली आले. खांद्यावर थोपटून म्हणाले, "तुमच्या आत्या आहेत हे आजच कळलं. काळजी करू नका, त्या सलाईनवाल्यांत आहेत."

४१च्या बाटलीत खरं काय भरलं, ते सांगायला वर जाते आहे. दादा तिथेच बसला आहे.