पुणंच घे

शलाका,

फर्स्ट शिफ्टला निघालोय, तुला उठवलं नाही. आज तुमचा बारावीचा निरोप समारंभ. आईची मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली आहे, नेसवायला शेजारच्या कुसुमकाकू येतील. मी रजा मागितली नाही. तिथे सगळ्यांच्या आया येणार, त्यांच्यात मी कुठे बसू? फोटो मात्र पाठव.

काल तू मैत्रिणीला फोनवर म्हणालीस, "पुण्याला नाही जाणार, पप्पा एकटे पडतील." मी जिन्यात उभा राहून ऐकलं. बेटा, आई गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारी तूच, हे खरं. पण म्हणून मनातलं कॉलेज सोडायचं नसतं. पुणंच घे. मी टीव्ही लावून जेवीन, सवय होईल.

दर रविवारी तुला भेटायला आलो, तर चालेल ना?

पप्पा