पाड्यावर येणारी एसटी

१९ मार्च
रस्ता झाला म्हणे. ठेकेदाराने फलक लावला, फोटो काढले, पसार. कडेचा मुरूम आत्ताच ढासळतोय. तरी काँक्रीट पाड्यापर्यंत आलं एकदाचं.
माझी रेशमा दहावीला बसलीय. पास झाली तर तालुक्याला कॉलेज. वसतिगृहात मागे आजारी पडली, तिथे परत नाही. जीपवाला टपावर बसवतो. मुलीला टपावर पाठवणार नाही. म्हणजे एसटी आली तर कॉलेज, नाही तर बापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला. तो वाटच बघतोय.

२६ मार्च
अंगणवाडीला रजा टाकून डेपोत. साहेब म्हणाले, "ताई, पहिले चाचणी. रस्ता बरा दिसना तं गाडी सुरू करसूत." म्हणजे बरा दिसला तरच. वर टीव्हीवर नवी चकाचक रेल्वे चाललेली. सगळे माना वर करून बघतात. खाली स्टँडच्या संडासाला दार नाही. त्याच्याकडे कोण बघणार.

४ एप्रिल
मंगळवारी गाडी येणार. घरोघर सांगून आले. सगळे हो म्हणाले. यांचं हो मला माहीत आहे. मोहाची फुलं पडताहेत, पहाटेपासून सगळा पाडा वेचायला रानात.

७ एप्रिल
आली. वळणावरच थांबली. पुढे शाळेपर्यंत रस्ताभर मोहफुलं वाळत घातलेली. तापलेल्या काँक्रीटवर लवकर वाळतात, असं खळं कुणाला मिळालंय आजवर. घराघराची रास वेगळी, मध्ये दगड. मालक रानात.
मी म्हटलं, गोळा करू. राखणीला बसलेली जेमली म्हातारी आमच्या पावरी बोलीत म्हणाली, "दुसऱ्याच्या मोहाला हात? तूही लावू नकोस." आमच्यात लावत नाहीतच. राशी मिसळल्या की भांडण मुलाबाळांपर्यंत जातं. मी उभी राहिले नुसती. लाज वाटली, आणि हातही पुढे झाला नाही.
साहेब खिडकीतून, "हाई सडक शे का खळं शे?"
ड्रायव्हर बिचारा बरा. "खावानी चीज शे साहेब, मी चाक नही चढावस."
वळवायला जागा नाही. मागे मागेच गेली गाडी.

८ एप्रिल
डेपोत फोन. शेरा लिहून झाला: रस्ता वाहतुकीस अयोग्य. खालच्या नाल्यावरचा कठडा तुटलेला पूल मात्र योग्य, त्यावरून यांची गाडी रोज जाते. फुलं दिसली, तो पूल दिसत नाही. परत चाचणी कधी? "बघू."
संध्याकाळी पाड्याशी भांडले. घसा बसला. म्हणतात, आम्हाला वाटलं गाडी वळणापर्यंतच येईल. आणि इतकी वर्षं आली नाही, आज येईल असं कुणाला वाटणार? मी जास्तच चिडले.
रेशमाचा बाप ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलून आला. हसत होता. जेवण वाढलं नाही.

१८ एप्रिल
रेशमा दुपारभर कुठे नव्हती. दिवस कलताना आली. धुळीने पांढरी.
कॉलेज बघून आली म्हणे. कशी गेलीस? जीपने. कुठे बसलीस?
"टपावर. पकडायला दोरी असते, आई."
एक ठेवून दिली. रडली नाही. मग पाणी तापवलं, केस धुवायला बसवलं. हात पुढे कर म्हटलं तर मूठच उघडेना. मी उघडली. तळवा सोलून निघालाय.
हळद लावताना म्हणाली, ऑफिस आज बंद होतं, सोमवारी परत जायचंय.