वाकवलेली दांडी

रविवार, गाझियाबाद. दिवेलागण.

दुरुस्तीला आलेल्या लष्करी ट्रकच्या टाकीतला तो तरंगता गोळा अजून डोळ्यांपुढे हलतोय. पेट्रोलवर तो वरखाली होतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा झोपेत चालल्यासारखा त्याच्यामागे सरकतो. गोळ्याची दांडी वाकलेली होती, म्हणून काटा कमी दाखवायचा. सकाळी मी ती सरळ केली. काटा बिल्कुल बरोबर. किती खूश होते मी.

दुपारी बाबांना वर्कशॉपमध्ये आणलं. फौजेत त्यांनी आयुष्यभर असेच ट्रक चालवले. दांडीवरून बोट फिरवत म्हणाले, "ती बिघडलेली नव्हती गं. आम्हीच वाकवायचो. काटा शून्यावर टेकला तरी परत येण्यापुरतं टाकीत असायचं."

त्या वाकड्या दांडीच्या भरवशावर किती जण घरी परतले असतील? आणि मी पक्कड घेऊन एका मिनिटात...

दवाखान्यातून आल्यापासून बाबा रोज सकाळी चहा घेताना म्हणतात, "माझं आता संपत आलं." रोज मी घाबरते.

उद्या दांडी होती तशी वाकवायची. आणि बाबा पुन्हा तेच म्हणाले, तर घाबरायचं नाही; त्यांचीही दांडी वाकलेलीच असेल.